पार्श्वभूमीत राहणारा प्रेक्षक

चित्रपटाविषयीचे मत शेवटी वैयक्तिकच असते, असे म्हणून चर्चा आवरती घेण्याची सवय मराठी सुशिक्षित वर्गात चांगलीच मुरलेली आहे. 'ज्याची त्याची आवड' हे वाक्य वरवर उदार दिसते. प्रत्यक्षात ते समोरच्याला कारणे विचारण्याचा आणि स्वतःला कारणे देण्याचा असे दोन्ही श्रम वाचवते. मत वैयक्तिक असते याचा खरा अर्थ एवढाच की ते कुठल्या तरी एका जागेवरून, एका आयुष्याच्या अनुभवातून बनलेले असते. या जागेला मताचे अधिष्ठान म्हणता येईल. ज्या प्रेक्षकाला आपले अधिष्ठान ठाऊक असते आणि जो ते उघड करतो, त्याचे मत इतरांना तपासता येते, त्याच्याशी वाद घालता येतो आणि त्यातून काही शिकताही येते. उरलेल्या मतांना पसंती-नापसंतीच्या नोंदीपलीकडे मोल नसते.

न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी प्रेक्षकाचे अधिष्ठान या दृष्टीने विलक्षण आहे. २०२३च्या जनगणनेत या देशात भारतीय वंशाच्या रहिवाशांची संख्या २ लाख ९० हजारांवर गेली. ऑकलंडच्या मल्टिप्लेक्समध्ये हॉलिवूडच्या शेजारच्या पडद्यावर हिंदी चित्रपट मुंबईच्याच आठवड्यात लागतो. म्हणजे हा प्रेक्षक जगातल्या दोन मोठ्या चित्रपटउद्योगांचा नेमाने ग्राहक आहे. पण गेल्या २५ वर्षांत या दोन्ही उद्योगांनी त्याच्या राहत्या भूमीचा वापर मुख्यतः पार्श्वभूमी म्हणून केला आहे. हॉलिवूडला ती कल्पित युगातली पृथ्वी, जपान, मोंटाना किंवा काश्मीर म्हणून हवी असते. हिंदी चित्रपटाला ती गाण्याच्या तीन कडव्यांपुरती हवी असते. ज्या डोंगराखालून हा प्रेक्षक रोज कामाला जातो, तो डोंगर पडद्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाने येतो. पार्श्वभूमीतच राहणाऱ्या या माणसाने चित्रपटांविषयी काय मत बनवावे, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

खुद्द न्यूझीलंडमध्ये वैयक्तिक मताचा एक थोर नमुना उपलब्ध आहे. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जगभरच्या चित्रपटसृष्टींवर माहितीपटांची मालिका काढली. तीत न्यूझीलंडवरचा 'सिनेमा ऑफ अनईझ' हा भाग अभिनेता सॅम नील याने जूडी रायमर यांच्यासह केला आणि त्याच्या उपशीर्षकातच ही एका माणसाची वैयक्तिक यात्रा असल्याचे सांगून टाकले. आपल्या देशाचे चित्रपट काळोखे आहेत आणि त्यांतली निसर्गदृश्ये सुंदर असूनही धास्ती घालणारी आहेत, हे नीलचे प्रतिपादन. त्यासाठी तो स्वतःचे बालपण पुराव्यादाखल मांडतो. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा १९५४ मध्ये, सातव्या वर्षी, न्यूझीलंडला आला. त्याच वर्षी क्राइस्टचर्चमध्ये दोन शाळकरी मुलींनी एकीच्या आईचा खून केला, आणि ४० वर्षांनी त्यावरच पीटर जॅक्सनने 'हेवनली क्रीचर्स' काढला. नीलची अस्वस्थता ही समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या गोऱ्या समाजाची आहे. इथले मूळ निवासी असलेले माओरी लोक या समाजाला पाकेहा म्हणतात, आणि आता तो स्वतःलाही तेच म्हणवतो. डोंगराकडे पाहून धास्तावणे हे नवागताचे लक्षण आहे; ज्यांचा तो डोंगर पूर्वज आहे त्यांना तसे वाटण्याचे कारण नाही. नीलचे मत अपुरे आहे, पण त्याने आपली जागा लपवली नसल्यामुळे ते कुठे अपुरे आहे हे नेमके दाखवता येते, आणि म्हणून ते मत ३० वर्षांनीही उपयोगी पडते.

हिंदी चित्रपटाच्या परदेशाकडे अशाच उघड नजरेने पाहायला हवे. राज कपूरच्या 'संगम'ने (१९६४) व्हेनिस-पॅरिस दाखवले. त्याच वर्षी 'काश्मीर की कली' करणाऱ्या शक्ती सामंतांनी तीन वर्षांनी 'अॅन इव्हिनिंग इन पॅरिस' केला. तरीही प्रेमगीताचा डोंगर प्रदीर्घ काळ काश्मीरचाच राहिला. १९८९-९० नंतर खोऱ्यात हिंसाचार वाढला, चित्रीकरणे थांबली, तिथली चित्रपटगृहे बंद पडली, आणि बर्फ, तळे व हिरवा उतार यांची गरज आधी स्वित्झर्लंडने आणि मग काही प्रमाणात न्यूझीलंडने भागवली. यातला सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे जानेवारी २०००चा 'कहो ना... प्यार है'. दिग्दर्शक राकेश रोशनने मध्यंतरापूर्वी नायक रोहितला मुंबईत मारले आणि मध्यंतरानंतर त्याच्यासारखाच दिसणारा राज न्यूझीलंडमध्ये नायिका सोनियासमोर उभा केला. या मांडणीत परदेशाला नेमून दिलेले काम अत्यंत स्पष्ट आहे: तो दुःख विसरण्याचा प्रदेश आहे, तिथे मेलेला माणूस परत मिळतो. खुनाचा छडा मात्र राज मुंबईत आल्यावरच लागतो, कारण स्मृती आणि न्याय हे मायदेशाचे विषय. चित्रपटाची गाणी उत्तम आहेत आणि हृतिक रोशनचे पदार्पण अजूनही थक्क करते. पण हा अख्खा उत्तरार्ध पाहून न्यूझीलंडचा एकही रहिवासी ध्यानात राहत नाही, एकही माओरी चेहरा आठवत नाही. स्थलांतरिताला तर त्यातले भावनिक गणितच उलटे वाटावे. परदेशात गतकाळ मागे सुटत नाही. उलट तिथेच तो अधिक चिकटतो, आईच्या आजारपणाच्या रात्रीच्या फोनमधून, पाडव्याला न मिळणाऱ्या कडुलिंबाच्या पाल्यातून. परदेशाला विस्मृतीचा प्रदेश समजणे हे केवळ मुंबईत बसून शक्य आहे.

काश्मीरच्या जागी न्यूझीलंड येण्याच्या या कथेला पुढे एक अद्भुत वळण मिळाले. २०१८च्या 'मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट'चा शेवट काश्मीरमध्ये घडतो; तिथले वैद्यकीय शिबिर आणि हेलिकॉप्टरांचा तो श्वास रोखायला लावणारा पाठलाग न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर चित्रित झाला. काश्मीर हातचे गेले म्हणून हिंदी नायक-नायिका ज्या पर्वतराजीत नाचायला आले, तिलाच हॉलिवूडने काश्मीर करून टाकले. भारतातल्या प्रदर्शनाच्या वेळी सेन्सॉरने काश्मीरविषयीच्या उल्लेखांना कात्री लावली. डोंगर कोणाचे आहेत हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. थरारपट म्हणून 'फॉलआउट' पहिल्या प्रतीचा आहे, त्याच्या तांत्रिक कसबाबद्दल दुमत नसावे. परंतु त्यात काश्मीरही नाही आणि न्यूझीलंडही नाही, आहे ती केवळ उंची.

एका भूमीने दुसरीचे सोंग घेण्याचा याहून खोल प्रश्न एडवर्ड झ्विकच्या 'द लास्ट सामुराई'ने (२००३) उभा केला. उत्तर बेटाच्या पश्चिमेला समुद्रालगत एकटा उभा असलेला तारानाकी हा जवळजवळ सममित शंकूचा ज्वालामुखी फुजीसारखा दिसतो, म्हणून जपानची कथा तिथे चित्रित झाली, आणि उरुटीच्या खोऱ्यात सामुराईंचे गाव उभारले गेले. ही कथा १८७७च्या सात्सुमा बंडावर बेतलेली आहे: आधुनिक शस्त्रांनी सज्ज झालेले सरकार एकीकडे, आणि आपली जीवनरीत न सोडणारे मूठभर लोक दुसरीकडे. आता त्याच तारानाकीच्या पायथ्याशी त्याच काळात काय घडत होते ते पाहावे. १८६०च्या दशकात वसाहती सरकारने या भागातल्या माओरींच्या जमिनी जप्त केल्या होत्या. ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोन नेत्यांनी पारिहाका हे गाव वसवून निःशस्त्र प्रतिकाराचा मार्ग धरला. १८७९ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यातल्या जमिनींत पारिहाकाच्या माणसांनी नांगर घातले. एक तुकडी पकडली की दुसरी नांगर धरायची. शेकडो लोकांना खटल्याशिवाय दक्षिण बेटावर कैदेत धाडण्यात आले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र शिपाई आणि स्वयंसेवक गावावर चालून आले, तेव्हा त्यांच्या वाटेत मुले गात बसलेली होती आणि गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी भाकरी करून ठेवल्या होत्या. दोन्ही नेत्यांना अटक झाली, गाव मोडले गेले, आणि सरकारने तिथे जाऊन माफी मागायला २०१७ साल उजाडले.

हॉलिवूडचे पथक आपला सगळा सरंजाम घेऊन त्या डोंगराखाली आले आणि आधुनिक सैन्यापुढे न झुकणाऱ्या समाजाची कथा त्याने रंगवली, पण दुसऱ्या देशाची. कथा जपानची आहे यात आक्षेपार्ह काही नाही. सल हा आहे की त्या डोंगराने जे प्रत्यक्ष पाहिले त्याच्याशी ही कथा इतकी जुळत असताना चित्रपटाला त्याची गंधवार्ताही नाही. माओरी परंपरेत तारानाकी हा टोंगारिरोशी झालेल्या भांडणात हरून पश्चिमेला निघून आलेला पूर्वज आहे. जानेवारी २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने त्याला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, म्हणजे डोंगर आता स्वतःच्याच मालकीचा आहे. ज्याला देश व्यक्ती मानतो त्याला चित्रपटाने नुसता आकार मानला, ही 'द लास्ट सामुराई'ची मर्यादा केन वातानाबेच्या अप्रतिम अभिनयानेही झाकली जात नाही.

यावर रसिकांच्या बाजूने एक भक्कम आक्षेप येऊ शकतो. भारतीय रससिद्धांतात 'साधारणीकरण' ही संकल्पना आहे. नाट्यातल्या भावना विशिष्ट व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनातून सुटून सर्वसामान्य होतात, म्हणूनच परक्याचे दुःख प्रेक्षक रस म्हणून आस्वादू शकतो, असा तिचा आशय. अभिनवगुप्ताचा सहृदय, म्हणजे कलाकृतीशी तन्मय होण्याची क्षमता असलेला प्रेक्षक, रंगभूमीवरचा हिमालय खरा आहे का असे विचारत नाही; मग तारानाकी की फुजी हा हिशेब अरसिकतेचा ठरत नाही काय? आक्षेप महत्त्वाचा असला तरी त्यात एक गफलत आहे. साधारणीकरण हे विशिष्टाच्या तपशिलातून घडते, तपशील पुसून नव्हे. शकुंतलेचा निरोप सर्व बापांना रडवतो, कारण कण्वाच्या आश्रमातली झाडे, हरिणाचे पाडस आणि वेलसुद्धा नावानिशी तिथे आहेत. शिवाय रंगभूमीवरचा हिमालय कोणाच्या घराचे छप्पर काढून आणलेला नसतो. कॅमेरा मात्र खऱ्याच भूमीवर रोखलेला असतो, आणि जे टिपतो ते कुणाचे तरी असते. चित्रपटकलेचा हा स्वभावच असल्यामुळे तिच्यापुढे स्थळाचा प्रश्न नाटकापेक्षा वेगळ्या तीव्रतेने उभा राहतो.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन भागांबाबत (२००१ ते २००३) म्हणूनच सरसकट निकाल देता येत नाही. जॅक्सन इथलाच, कारागीर वेलिंग्टनचे, आणि शेवटच्या भागाची ११ ऑस्कर पारितोषिके ही या छोट्या देशाची सामूहिक मिळकत. तिन्हींत पहिला भाग श्रेष्ठ वाटतो, याचे कारण तो पायी चालण्याचा चित्रपट आहे. डोंगरकड्यावरून नऊ जणांची रांग जाताना हेलिकॉप्टरमधून दिसते, तेव्हाही अंतर पावलांनीच मोजले जात असते. थकवा, थंडी, ओझे यांतून ती भूमी खरी होते. पुढच्या भागांत लढाया वाढतात आणि भूमीचा नकाशा होतो. तरी दोन गोष्टी खटकतातच. लॉरेन्स मकोआरे या दमदार माओरी अभिनेत्याला या मालिकेत लर्ट्झ, विच-किंग आणि गॉथमॉग अशा तीन भूमिका मिळाल्या, तिन्ही दुष्टांच्या आणि तिन्हींत चेहरा रंगाखाली, मुखवट्याखाली किंवा शिरस्त्राणाखाली दडलेला. उजळ कांतीचे एल्फ आणि काळवंडलेले ऑर्क ही विभागणी या भूमीवर तरी निरागस राहू शकत नाही. दुसरी गोष्ट पडद्याबाहेरची. २०१० मध्ये 'हॉबिट'च्या निर्मितीवरून कामगार संघटनेशी वाद झाला, तेव्हा सरकारने ऑक्टोबरमध्ये घाईने कायदा बदलून चित्रपटकामगारांना कर्मचाऱ्याऐवजी स्वतंत्र कंत्राटदार ठरवले आणि त्यांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क काढून घेतला. तो २०२२च्या नव्या कायद्याने परत मिळाला. ज्या भूमीला फक्त पार्श्वभूमी मानले जाते, तिथल्या माणसांची किंमतही तशीच ठरवली जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

या साऱ्या प्रश्नाला सर्वांत नेमकी परिभाषा दिली ती माओरी दिग्दर्शक बॅरी बार्क्ले यांनी. अमेरिकी व्यावसायिक चित्रपट पहिला, कलात्मक चित्रपट दुसरा आणि तिसऱ्या जगाचा राजकीय चित्रपट तिसरा मानला, तर मूळ निवासी समाजांनी स्वतःच्या दृष्टीने केलेला तो 'चौथा सिनेमा', अशी संकल्पना त्यांनी या शतकाच्या आरंभी मांडली. ती समजावताना त्यांनी दोन कॅमेरे कल्पिले: एक आलेल्या जहाजाच्या डेकवर ठेवलेला, दुसरा किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांच्या हातातला. डेकवरच्या कॅमेऱ्याला किनारा, नारळ आणि नाचणाऱ्या स्त्रिया दिसतात. किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याला जहाज हाच नवखा प्रकार असतो. बार्क्लेंचा 'न्गाती' (१९८७), माओरी दिग्दर्शकाचा पहिला कथापट, असा किनाऱ्यावरून पाहतो. १९४८ साली पूर्व किनाऱ्यावरच्या एका वस्तीत एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे, गावाला पोसणारा मांस गोठवण्याचा कारखाना बंद पडू पाहतो आहे, आणि ऑस्ट्रेलियातून आलेला तरुण डॉक्टर आपल्याला पाहुणा समजत असताना याच गावाचा रक्ताचा नातलग निघतो. कॅमेरा कुणावर झडप घालत नाही. तो जमलेल्या माणसांत बसून ऐकत असल्यासारखा राहतो. मराठी चित्रपटरसिकांत या चित्रपटाचे नाव क्वचितच निघते, ही खरोखरच खंत करण्याजोगी बाब आहे.

किनाऱ्यावर जन्मलेल्यालाच किनाऱ्यावरून पाहता येते, असा याचा अर्थ काढणे मात्र चूक ठरेल. 'व्हेल रायडर'ची (२००२) दिग्दर्शिका निकी कारो पाकेहा आहे. तिने विटी इहिमाएरांची कादंबरी ज्या फांगारा गावात घडते तिथेच, गावाला सोबत घेऊन, चित्रित केली. शाळेच्या समारंभात पाई ही मुलगी आजोबांना उद्देशून भाषण करते आणि त्यांच्यासाठी राखलेली खुर्ची रिकामी असते, त्या प्रसंगात कीशा कासल-ह्यूजचा आवाज फुटतो, ती थांबते, पुन्हा वाक्य उचलते; आणि त्या रिकाम्या खुर्चीत वंशपरंपरेचा सारा पेच येऊन बसतो. उलट जेन कॅम्पियनचा 'द पियानो' (१९९३), कारेकारेच्या काळ्या वाळूवर ठेवलेल्या त्या पियानोमुळे अविस्मरणीय झालेला आणि कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा, स्त्रीच्या मौनाबाबत जितका सूक्ष्म आहे तितकाच माओरी पात्रांबाबत ढोबळ आहे, ही लिओनी पिहामा यांसारख्या माओरी अभ्यासकांची टीका मान्यच करावी लागते. त्याच कॅम्पियनचा 'द पॉवर ऑफ द डॉग' (२०२१) प्रस्तुत निकषालाच आव्हान देतो. त्यात ओटागोचे डोंगर १९२५च्या मोंटानाचे सोंग घेतात, तरी ते आकारापुरते उरत नाहीत. डोंगराच्या सावल्यांत दडलेला कुत्रा फिल या गुराख्याला दिसतो, इतर गुराख्यांना दिसत नाही, आणि ज्याची सगळे टिंगल करतात त्या पीटरला तो पहिल्याच नजरेत दिसतो. कथेची दिशाच या पाहण्यावर ठरते. म्हणजे चित्रीकरणाचे स्थळ आणि कथेचे स्थळ एक असलेच पाहिजे, असा नियम करता येत नाही. भूमीकडे कोणी, किती वेळ आणि कशासाठी पाहिले, यावर निवाडा करावा लागतो.

हाच निवाडा घराकडच्या चित्रपटांनाही लावून पाहावा. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मधली (२०१६) विहीर, ऊस आणि केळीच्या बागा ही करमाळ्याकडची भूमी आहे, आणि तिची मालकी कुणाची हाच कथेचा गाभा आहे. आर्ची ट्रॅक्टरवरून येते तेव्हा तिच्यामागे बापाचे रान असते, परशाच्या पायाखाली मात्र स्वतःचे असे फारसे काही नसते. उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडपट्टीतली पत्र्याची खोली आणि डोशाची गाडी हेही तितक्याच निष्ठेने येते. त्याचेच हिंदी रूप असलेल्या 'धडक'ने (२०१८) कथा उदयपूरला नेली, तळी आणि हवेल्या दाखवल्या, आणि जातीचा उच्चार जवळजवळ गिळून टाकला. नट-नट्या बदलल्याने ते रूप फिके झाले, असे म्हणणे उथळ आहे. जमिनीचा मालक कोण हे सांगायचे टाळले की 'सैराट'चे पर्यटनच होणार. त्यामुळे न्यूझीलंडला पार्श्वभूमी करणारा हिंदी चित्रपट विदेशावर काही वेगळा अन्याय करतो असे नाही. तो सोलापूर जिल्ह्याशीही तसाच वागतो.

भारत आणि न्यूझीलंड यांच्यात चित्रपटांच्या सहनिर्मितीचा करार २०११ मध्ये झाला. त्यानंतरही अब्बास-मस्तानच्या 'प्लेयर्स'सारख्या (२०१२) चित्रपटांना इथले रस्ते गाड्या पळवण्यापुरतेच लागले. इथल्या भारतीयांचे खरे नेपथ्य निराळे आहे. न्यूझीलंडमध्ये कोपऱ्यावरच्या छोट्या वाणसामानाच्या दुकानाला 'डेअरी' म्हणतात. पहाटे दूध-वर्तमानपत्रे लावणारी आणि रात्री उशिरा शटर ओढणारी कितीतरी भारतीय कुटुंबे या दुकानांवर उभी राहिली, आणि अलीकडे सिगारेटींसाठी पडणाऱ्या दरोड्यांची भीतीही त्यांच्याच वाट्याला आली. जेकब राजन यांनी १९९७ मध्ये 'कृष्णन्स डेअरी' हे नाटक याच दुकानात घडवले. चित्रपटात या जगाच्या सर्वांत जवळ गेला तो 'एप्रन स्ट्रिंग्ज' (२००८): लेखन अहमदाबादहून आलेल्या शुची कोठारी आणि डायॅन टेलर यांचे, दिग्दर्शन सामोआत जन्मलेल्या सीमा उराले यांचे, आणि स्थळ दक्षिण ऑकलंडची साधी बाजारपेठ. तिथे एका पाकेहा बाईचे जुन्या पद्धतीचे केकचे दुकान आहे आणि एका भारतीय बाईची खाणावळ. या खाणावळवालीची बहीण टीव्हीवर पाककृती सांगून नावारूपाला आली आहे, आणि दोघी बहिणींत वर्षानुवर्षांचा अबोला आहे. त्या बहिणीचा मुलगा आपल्या न पाहिलेल्या मावशीला शोधत तिच्या स्वयंपाकघरात कामाला लागतो, आणि आईने लपवलेले घर त्याला फोडणीच्या वासातून, मसाल्याच्या डब्यातून कळत जाते. दोन कुटुंबांच्या कथा समांतर चालवण्याच्या अट्टहासात पटकथा काही ठिकाणी फार व्यवस्थित होते आणि शेवटाकडे समेट जरा लवकर घडवते. परंतु खाणावळीच्या त्या ओट्याशी कॅमेरा जितका वेळ थांबतो, तितका वेळ न्यूझीलंडच्या कुठल्याही हिमशिखरावर अद्याप एकही हिंदी चित्रपट थांबलेला नाही.